कॅन्सरच्या वॉर्डात एक पगारी सोबतीण हवी

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या कुठल्याही दवाखान्यात शिरा, आरोग्यमित्राचं टेबल दिसतं. रेशनकार्ड, आधार, बायॉप्सीचा रिपोर्ट, मंजुरी आली का नाही, हे सगळं बघायला सरकारने माणूस बसवलाय. फार चांगलं केलं. हे टेबल नसतं तर आटपाडी-जतकडून मिरजेला येणाऱ्या कितीतरी बायका केसपेपरच्या रांगेतूनच माघारी गेल्या असत्या. पण त्याच बाईला पहिल्या किमोनंतर घरी लाल लघवी झाली, तर ते रक्त नव्हे हे सांगायला कोणी नेमलेलं नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये जी औषधं नेहमी दिली जातात त्यात डॉक्सोरुबिसिन असतं. रंगाने लालभडक, म्हणून वॉर्डात सगळे त्याला ‘लाल औषध’च म्हणतात. त्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते आणि आपोआप थांबते. सही घेतात त्या कागदावर हे लिहिलेलं असतं. डॉक्टरही सांगतात, घाईत का होईना. पण त्या दिवशी बाईच्या कानात काय शिरतं? तिचं अर्धं लक्ष सुईकडे आणि अर्धं घरी ठेवलेल्या पोरांकडे. माझ्या उपचारांच्या काळात कवठेमहांकाळकडच्या एक मावशी शेजारच्या खुर्चीवर असायच्या. पहिल्या खेपेनंतर त्यांनी ते लाल बघितलं आणि तीन आठवडे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. आतून काहीतरी फुटलं, आता आपलं काही खरं नाही, असं धरून चालल्या होत्या. दुसऱ्या किमोला आल्या त्या सुनेने हट्ट धरला म्हणून. तिथे तासगावच्या एकीने सलाईनच्या नळीकडे बोट करून सांगितलं, “आक्का, ते औषधच लाल हाय. उद्या-परवा जाईल. मलाबी तसंच झालं हुतं.” मावशी आधी तिच्याकडे बघत राहिल्या, मग डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या.

तासगावची ती बाई त्या दिवशी, त्या वेळेला, त्या खुर्चीवर होती हा योगायोग. माझा आक्षेप या योगायोगाला आहे. औषध योगायोगावर सोडत नाही, मशीन सोडत नाही, कागद तर नाहीच नाही. मग ज्या माहितीवर बाई दुसऱ्या किमोला येणार की घरी बसणार हे ठरतं, ती तेवढी शेजारच्या खुर्चीच्या भरवशावर का? माझं म्हणणं असं की, जिथे जिथे किमो आणि शेक (म्हणजे रेडिएशन) दिला जातो तिथे तिथे, या उपचारांतून गेलेली एक बाई रीतसर नेमली पाहिजे. प्रशिक्षण देऊन, कामाच्या मर्यादा आखून आणि पगार देऊन.

यात डॉक्टरांवर राग काढायचा नाही. ओपीडीत एका पेशंटमागे त्यांना किती मिनिटं मिळतात हे बाहेर बसलेल्या प्रत्येकीला दिसतं. पण डॉक्टरकडे वेळ असता तरी काही गोष्टी त्यांच्याकडून आल्या नसत्या, कारण त्या त्यांच्या अंगावरून गेलेल्या नाहीत. स्तन काढल्यावर जखमेतलं पाणी काढायला नळी आणि डबी लावतात. काही दिवस ती बरोबर वागवायची. कुठे ठेवायची? डॉक्टर म्हणतात, ओढ बसू देऊ नका. अनुभवी बाई म्हणते, जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिव, तिला नाडी लाव, गळ्यात अडकव आणि वरून पदर घे. मग पाहुणे आले तरी उठून आत जावं लागत नाही. पुढे जखम भरली की ब्लाउजचा प्रश्न. बाजारात सिलिकॉनचे स्तन मिळतात, पण किंमत ऐकूनच बाई मागे फिरते. मग कापूस भरून घरी शिवायचं. नुसता कापूस हलका पडतो, चालता चालता वर सरकतो, आणि वाकून भाकरी थापताना तर हमखास. म्हणून तळाला मूठभर मोहरी घालून वेगळा कप्पा शिवायचा, म्हणजे वजन येतं आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. धुवायच्या वेळी मोहरी काढून घ्यायची, नाहीतर ती भिजते आणि वास येतो. हे कुठल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिणार?

आणि बांगड्या. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात पुढे कधीही सुजू शकतो, कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. लवकर ओळखलं तर मालिश, पट्टा, व्यायाम यांनी आटोक्यात राहतं. उशीर झाला तर हात कायमचा जड होतो. कागदावर लिहिलेलं असतं, ‘सूज आढळल्यास दाखवावे’. सूज आली हे रोज आपलाच हात बघणाऱ्या बाईला लवकर कळत नाही. पण नेहमीची बांगडी मनगटावरून जाईना झाली, हे तिला त्याच दिवशी कळतं. बांगडीकडे लक्ष ठेव, घट्ट झाली की ये, एवढं एक वाक्य आमच्याकडच्या बाईला कागदापेक्षा लवकर दवाखान्यात आणेल. त्या हाताने भरलेली घागर उचलू नको, त्या हातात सुई टोचून घेऊ नको, खुरपताना काप गेला तर तसाच ठेवू नको, हेही शेतात राबणाऱ्या बाईनेच शेतात राबणाऱ्या बाईला सांगावं. कारण पुढचा प्रश्न येणारच, “मग घागर कोण आणणार?” आणि त्यावर डॉक्टरकडे उत्तर नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताप. किमोनंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने पांढऱ्या पेशी खाली जातात. त्या दिवसांत शंभर पॉइंट चारच्या वर ताप गेला तर रात्र असो, रविवार असो, दवाखाना गाठायचा. उशीर जिवावर बेततो. गावात काय होतं? मेडिकलमधून तापाची गोळी आणतात आणि सोमवारची वाट बघतात, कारण गाडी सांगायची म्हणजे खर्च आणि शेजाऱ्यांचे प्रश्न. इथे ‘मी गेले होते रात्री, म्हणून वाचले’ असं फोनवर सांगणाऱ्या बाईचं वजन छापील सूचनेला येत नाही.

आता कुणी म्हणेल, पेशंटनेच पेशंटला समजवायचं ही काय नवी टूम? नवी मुळीच नाही. सरकार हे इतर आजारांत करतंच आहे. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रांत त्याच आजारासोबत जगणारी व्यक्ती काळजी समन्वयक म्हणून नेमायची पद्धत आहे. औषध चुकवणाऱ्यांच्या मागे लागायचं, नव्याने आलेल्याला धीर द्यायचा, हे तिचं काम. क्षयरोग कार्यक्रमात बरे झालेले लोक ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून तयार केले जातात. आणि सांगलीकरांनी तर यात आश्चर्य वाटून घेऊच नये. ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून या जिल्ह्यात वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत काम करते आहे. त्यातून पुढे ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. एड्सच्या भीतीने भलेभले लांब पळत होते त्या काळात कंडोम वाटायचं, आजाराबद्दल बोलायचं आणि आजारी पडलेलीला दवाखान्यात न्यायचं काम त्यांनी आपसात करून दाखवलं. शिकलेल्या लोकांनी वरून येऊन दिलेल्या भाषणाने जे झालं नसतं ते शेजारणीने केलं. याच जिल्ह्यात हे घडून इतकी वर्षं झाली आणि कॅन्सरच्या वॉर्डापर्यंत त्यातलं काही पोचू नये, याचं मला नवल वाटतं. कॅन्सरकडे आपण अजून फक्त डॉक्टर आणि पैसा यांचा आजार म्हणून बघतो, हे त्याचं एक कारण असावं.

स्तनाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर ही कल्पना सत्तर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत टेरेस लॅसर नावाच्या बाईंचं १९५२ मध्ये ऑपरेशन झालं. हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्यासमोर कसं जायचं, यातलं त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्या उठल्या आणि दवाखान्यांत जाऊन इतर बायकांना भेटायला लागल्या. बरोबर तात्पुरता कापडी स्तन आणि हाताच्या व्यायामाचं साहित्य. सर्जन मंडळींना हे फारसं रुचलं नव्हतं. तरी काम वाढलं आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, बायका एकत्र बसल्या की आयुष्य वाढतं असं मला म्हणायचंय. नाही. हा दावा एकेकाळी फार गाजला होता. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की आजार शरीरात पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला गटात भेटत होत्या त्या सरासरी दीडेक वर्ष जास्त जगल्या. अभ्यास छोटा, ८६ जणींचा. मग कॅनडात पामेला गुडविन यांनी मोठ्या संख्येने बायका घेऊन तोच प्रश्न तपासला आणि २००१ मध्ये निष्कर्ष आला की आयुष्य काही वाढत नाही. नंतर स्पीगेल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही ते एकंदरीत वाढलेलं दिसलं नाही. मात्र गुडविन यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायका आधीच जास्त खचलेल्या होत्या, त्यांची घालमेल आणि वेदनेचा जाच गटामुळे कमी झाला. मला एवढं पुरेसं आहे. कंबरदुखीच्या गोळीने आयुष्य वाढतं का असं विचारून आपण ती नाकारत नाही. बाईच्या मनाचा विषय निघाला की मात्र आधी हिशेब मागितला जातो, जगणं किती वाढलं ते सांगा.

सरसकट सगळ्यांना गटात बसवा असंही नाही. पिट्सबर्गला विकी हेल्गेसन यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की नुसत्या आपसातल्या गप्पांच्या गटाचा उपयोग झाला तो घरी नवऱ्याचा आधार नव्हता त्या बायकांना. ज्यांना घरी भक्कम आधार होता त्यांना उपयोग तर झाला नाहीच, काहींच्या बाबतीत उलटच झालं. माहिती देणारे गट मात्र बऱ्याच जणींना लागू पडले. यावरून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढते तो असा, की दर महिन्याला हॉलमध्ये खुर्च्या मांडून ‘मनमोकळ्या गप्पा’ ठेवण्यापेक्षा वॉर्डात बसलेली, विचारलं तर सांगणारी आणि नाही विचारलं तर गप्प राहणारी एक जाणकार बाई जास्त कामाची.

हॉलबद्दल आणखी एक बोलायचंच आहे. ऑक्टोबर आला की गुलाबी साड्या निघतात. रॅली निघते, व्यासपीठावर सत्कार होतो, ‘योद्धा’ म्हणून शाल आणि नारळ मिळतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर जावं. पण सांगली-मिरज म्हणजे मुंबई नव्हे. इथे फोटोतली बाई कुणाची कोण हे संध्याकाळपर्यंत विश्रामबागपासून माधवनगरपर्यंत कळतं. घरात लग्नाची मुलगी असेल तर ‘आईला होतं म्हणे’ हे वाक्य स्थळाच्या आधी पोचतं. शिकल्या-सवरलेल्या घरांतसुद्धा गाठ लपवली जाते ती यासाठी. सगळीच प्रकरणं आनुवंशिक नसतात, बहुतेक नसतातच, हे सांगून झालं तरी वरमाईच्या मनातली शंका जात नाही. म्हणून मदत अशी हवी की जिच्यासाठी बाईला आपलं नाव चार लोकांत लावावं लागणार नाही. दवाखान्यात ती तशीही येतेच आहे. तिथेच, तपासणी आणि सलाईनच्या मधल्या वेळात, कुणी शेजारी येऊन बसलं तर कुणाला काय कळणार?

‘योद्धा’ या प्रकाराचाही मला कंटाळा आहे. उलट्या होऊन अंगात त्राण नसलेल्या बाईला दिवसभर सगळे सांगतात, खंबीर राहा, पॉझिटिव्ह राहा. सासू सांगते, दीर सांगतो, शेजारचे रिटायर्ड गुरुजी सांगतात. ती रडली तर आजार वाढेल, असा धाकही असतो. या सगळ्यांत एक तरी माणूस असं हवं जे म्हणेल, “पाचवा दिवस ना? लई वाईट असतो तो. झोप तू.” पगारी बाईला प्रशिक्षण देताना हे पहिलं शिकवावं, की हुरूप वाढवणं हे तुझं काम नाही.

धोके आहेतच. सगळ्यात मोठा धोका चुकीच्या सल्ल्याचा. आपलं शहर हळदीच्या पेठेचं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यापायी दुधातून हळद घे, रोज चमचाभर चाट, किमोची गरजच नाही, असं सांगणारे प्रत्येक बाकावर भेटतात. भाजी-आमटीतली हळद खावीच. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता किमोबरोबर घेऊ नयेत, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. दुसरं, एकीची तुलना दुसरीशी. ‘तुला सोळा किमो आणि मला चारच, मला कमी का देतायत?’ एकीचा आजार हॉर्मोनवर पोसणारा, तिला पाच-दहा वर्षं गोळी. दुसरीच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त, तिला वेगळं आणि महाग इंजेक्शन. तिसरीला यातलं काहीच लागू नाही. नावाला आजार एक, वागणूक तीन तऱ्हेची. हे न कळता दिलेला प्रेमळ सल्ला शत्रूच्या सल्ल्याइतकाच घातक. म्हणूनच मी म्हणते की नुसती अनुभवी बाई पुरत नाही, शिकवलेली हवी. औषध कुठलं, डोस किती, बंद करू का, हे प्रश्न आले की ‘हे डॉक्टरांना विचार, चल मी येते बरोबर’ एवढंच बोलायची तिला परवानगी असावी. अनुभवी बाया सल्ला देणारच आहेत, आजही देतायत. प्रश्न फक्त तो शिकून द्यायचा की ऐकीव द्यायचा, एवढाच.

दुसरा धोका बोलायला अवघड. काही जणींचा आजार परत येतो. ज्या बाईला तुम्ही सहा महिने धीर दिला तिचा नंबर एक दिवस लागत नाही, मग तिच्या मुलाकडून कळतं. पगारी सोबतिणीला हे वर्षातून अनेकदा सोसावं लागेल, आणि प्रत्येक वेळी तिच्या स्वतःच्या पुढच्या स्कॅनची भीती वर येईल. तिला सुट्टी हवी, समुपदेशक हवा आणि ‘आता मला हे काम नको’ म्हणायची मोकळीक हवी. उपचार संपून निदान दोन वर्षं झाल्याशिवाय कुणाला या कामावर घेऊही नये असं मला वाटतं.

आता पगार. या मुद्द्यावर चांगली चांगली माणसं मागे सरतात. सेवा म्हणून करणाऱ्या बायका मिळतील की, असं म्हणतात. मिळतील, खरं आहे. बायकांचं फुकट काम या राज्यात नेहमीच मिळत आलंय. आशा ताईंना मोबदल्यासाठी किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सेवाभावाने येणारी बाई बहुतेक करून पेन्शनवाली, शहरातली, घरी स्वयंपाकाला बाई असणारी, म्हणजे माझ्यासारखी निघेल. मी उसाच्या फडात काम करणाऱ्या बाईला मोहरीचा कप्पा सांगेन, पण मुकादमाकडून उचल घेतलेली असताना किमोसाठी रजा कशी मागायची, हे मला सांगता येणार नाही. ते ज्या बाईला माहीत आहे तिला एक दिवसाची मजुरी बुडवून फुकट सेवा परवडत नाही. म्हणून पगार.

अशा बायका आहेत का? भरपूर आहेत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. मृत्यूचा हा आकडा भयंकर आहे आणि उशिरा येण्याशी त्याचा थेट संबंध आहे. पण याच आकड्यांत हेही दिसतं की उपचार पार पाडून घरी गेलेल्या बायका आज तालुक्या-तालुक्यांत आहेत. बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या, बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडणाऱ्या. त्यांना शिकवायला फार वेळ लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर एका पगारी बाईचा वर्षाचा खर्च एखाद्या मोठ्या मेळाव्याच्या मांडव-जेवणावळीत सहज निघेल. जिल्हा नियोजन समितीने द्यावा, आरोग्य योजनेत आरोग्यमित्राशेजारी दुसरं पद म्हणून घ्यावा, नाहीतर साखर कारखान्यांनी नि बँकांनी उचलावा. मला पहिला मार्ग पसंत आहे, कारण देणगी एका वर्षी येते आणि दुसऱ्या वर्षी अध्यक्ष बदलतात.

आणि नेमणूक करताना एक बघावं. मिरजेच्या दवाखान्यांत जतच्या पूर्व भागातून आणि सीमेपलीकडून अथणी, विजापूरकडून ज्या बायका येतात त्यातल्या कित्येकींना कन्नडच नीट येतं. मराठी कळतं तेही बाजारापुरतं. ताप आला तर काय करायचं हे त्यांना आज हातवारे करून सांगितलं जातं. तेव्हा दोन बायका नेमायच्या असतील तर त्यातली एक कन्नड बोलणारी असावी. आणि एकच नेमायची असेल, तर आधी तीच.